जाळीआडची इमारत: एका दैनिकाच्या संचालक मंडळाला खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि संचालक मंडळ,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पेठेतल्या जुन्या इमारतीला हिरवी जाळी लागली आहे. दारावरची नावाची पाटी उतरवली आहे, खिडक्यांची तावदाने काढून नेली आहेत आणि समोर विकसकाचा फलक उभा आहे. तळमजल्यावर दुकाने, वर कार्यालये, तळघरात गाड्या. सोलापूरकरांना ही गोष्ट त्या फलकावरून कळली, आपल्या अंकातून नाही. गावात कुठे भिंत पडली, कुठे रस्तारुंदीत ओटा गेला, कुठल्या चौकातले झाड तोडले, याची बातमी आपण आयुष्यभर दिलीत. स्वतःच्या घराची मात्र एका ओळीनेही दिली नाहीत. म्हणून हे पत्र बंद पाकिटात न पाठवता सगळ्यांसमोर लिहीत आहे.

दैनिकाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. त्या नावाबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. शिवाय हा प्रश्न एका घराण्यापुरता नाही. छपाई एमआयडीसीत गेली, संपादकीय विभाग नव्या जागेत गेला आणि जुनी इमारत कुलूप लावून ठेवली, असे महाराष्ट्रातल्या बऱ्याच जिल्ह्यांच्या गावी झाले आहे. आपण जे कराल तेच उद्या दुसरेही करतील.

माझा संबंध सांगतो. माझे वडील आपल्याकडे जुळारी होते, म्हणजे छपाईसाठी धातूची अक्षरे एकेक करून जुळवणारे कामगार. नोकरी लागली तेव्हा त्यांना मिसरूड फुटले नव्हते आणि ऑफसेट छपाई आल्यावर खिळ्यांचे, म्हणजे त्या धातूच्या अक्षरांचे, काम थांबले तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यानंतर मीही काही काळ तिथे मुद्रितशोधक होतो, मग शाळेत लागलो. आम्हा भावंडांची पुस्तके, बहिणीचे लग्न, आईचे औषधपाणी, सगळे त्या इमारतीच्या जोरावर झाले. पण नुसती कृतज्ञता असती तर मी पत्र लिहिले नसते. मनातल्या मनात नमस्कार करून गप्प बसलो असतो.

मागच्या बाजूची ती खोली आपल्यापैकी किती जणांनी चालू असताना पाहिली आहे, मला माहीत नाही. उत्तरेला उंच खिडक्या, खिडक्यांलगत तिरक्या घोड्यांवर खिळे ठेवायच्या लाकडी चौकटी, म्हणजे केसी, आणि प्रत्येक केसीत खणच खण. इंग्रजी जुळाऱ्याचे काम दोन केसींत भागते. मराठीला तेवढ्याने होत नाही. काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, अर्धी अक्षरे वेगळी, जोडाक्षरे वेगळी. वडिलांच्या उजव्या हाताला प्रत्येक खण पाठ होता. नजर हस्तलिखितावर, डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, आणि उजवा हात न बघता नेमक्या खणात जायचा. ओळ उलटी जुळायची आणि ते ती सरळ असल्यासारखी वाचायचे. संपादकांच्या अक्षरातली शुद्धलेखनाची चूक ते न विचारता दुरुस्त करत आणि संपादक त्याबद्दल कधी काही बोलत नसत. शेजारच्या केसीवर साखर पेठेतले एक काका होते, घरी तेलुगू बोलणारे. पलीकडे कानडी बोलणारे दुसरे. दोघांचेही मराठी शुद्धलेखन आमच्या शाळेतल्या गुरुजींपेक्षा पक्के होते. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे ते खिळे दिवसभर बोटांत खेळायचे. पोटात शिसे जाऊ नये म्हणून कामगारांना गुळाचा खडा मिळायचा. त्याने काय साधत होते देव जाणे, पण वडील तो खडा कागदात बांधून आमच्यासाठी घरी आणायचे.

अंक छापून झाला की खिळे सोडवून परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. एक ओळ मात्र कधी सुटत नसे, बांधून बाजूला ठेवलेली असे. शेवटच्या पानावरची तळाची ओळ: हे दैनिक अमुक यांनी अमुक छापखान्यात, घर नंबर अमुक, अमुक पेठ, सोलापूर येथे छापून प्रसिद्ध केले. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पत्रावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण टाकणे सक्तीचे होते. त्यासाठी मॅजिस्ट्रेटसमोर घोषणापत्र द्यावे लागे. आम्ही इथे बसतो, इथे छापतो, जे छापतो त्याला जबाबदार आहोत, पकडायचे तर इथे या, असे जाहीर सांगणारा तो पत्ता होता. आपल्या आजोबांनी तो रोज छापला. ज्याची भिंत कुणी येऊन ठोठावू शकेल असे घर दैनिकाला असणे म्हणजे काय, हे या गावाला निराळे समजवावे लागत नाही.

मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. डोक्यावरची गांधी टोपीही त्या दिवसांत गुन्हा ठरली. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघे फासावर गेले: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन 'गझनफर' या पत्राचे संपादक होते. 'कर्मयोगी'चे संपादक राजवाडे यांनाही त्या काळात तुरुंगात जावे लागले. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकातच, 'कल्पतरू' इथून निघत होते. पार्क चौकातल्या चार पुतळ्यांना आपण दरवर्षी हार घालतो आणि आपल्या अंकात त्याचे छायाचित्र येते. पण 'गझनफर'चे पान कोणत्या खोलीत जुळले, 'कर्मयोगी'चे यंत्र कुठे उभे होते, हे त्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या कॉलेजच्या मुलांना कोण दाखवणार? माणसांचे पुतळे झाले. त्यांनी ज्या जागी काम केले त्या जागा गावाच्या नजरेतून गेल्या. आपली इमारत त्या काळची नाही, हे मी जाणतो. पण खिळ्यांच्या छपाईची संपूर्ण जागा, म्हणजे केसींची खोली, मशिनचा हॉल, वरचा संपादकीय मजला आणि बाहेरचा बातमीफलक, एकाच छपराखाली जशीच्या तशी माझ्या पाहण्यात फक्त आपल्याकडे उरली होती.

आता तक्रारी.

पहिली, गुपचूपपणाची. व्यवहार करण्याचा हक्क आपला आहे, तो मी नाकारत नाही. सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, सगळे आपल्या नावावर आहे. पण मागच्या वर्धापन दिनाच्या विशेष अंकात पहिल्या पानावर याच इमारतीचे मोठे छायाचित्र होते आणि खाली 'आमचा वारसा' असे शब्द होते. तो अंक वाचकांच्या हातात पडला तेव्हा बोलणी सुरू होती, हे आता कळते. वाचकाला आपण वारसा दाखवलात आणि विकलात, आणि दोन्हींच्या मध्ये त्याला काहीच सांगितले नाहीत. निवृत्त कामगारांना निदान एकदा बोलावून, चहा पाजून, शेवटचे फिरू द्यायचे होते. त्यांच्यातले आता फार थोडे उरले आहेत, आणि जे आहेत ते जिना चढू शकत नाहीत. तळमजल्यावर तरी त्यांना उभे राहू द्यायचे होते.

दुसरी तक्रार खिळ्यांची. खिळे वजनावर भंगारात गेले. शिशाला भाव आहे, हे मला कळते. पण एकही पूर्ण केस ठेवली नाही. लाकडी केसी जुन्या फर्निचरवाल्याकडे गेल्या. आता त्या कुणाच्या तरी दिवाणखान्यात भिंतीला टांगल्या जातील आणि खणांत शोभेच्या वस्तू बसतील. मराठीची पूर्ण केस, तिच्यातल्या प्रत्येक खणाच्या जागेसह, पुढच्या पिढीला दाखवायची तर आता कुठून आणायची? देवनागरीचा खिळा बनवायला या प्रांतात माणसांनी आयुष्ये घातली. मात्रा आणि काने तुकड्यांत पाडून जोडायचे की अक्षर अखंड ओतायचे, यावर मुंबईच्या छापखान्यांनी वर्षानुवर्षे डोके चालवले. ती सगळी विद्या एका लाकडी चौकटीत मावत होती. एक चौकट ठेवायला किती जागा लागली असती?

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे आणि तिच्यासाठीच मी मुख्यतः हे पत्र लिहीत आहे. जुन्या अंकांच्या बांधीव फायली.

त्या वरच्या मजल्यावर लोखंडी मांडणीवर असत. मुद्रितशोधक असताना मी कित्येकदा संदर्भासाठी त्या काढल्या आहेत. इमारत रिकामी करताना त्या टेम्पोत भरून एका गोदामात नेल्या गेल्या. त्या हलवणाऱ्या हमालांपैकी एकाशी माझे बोलणे झाले. फायली जमिनीवर, भिंतीला टेकवून, एकीवर एक अशा रचलेल्या आहेत आणि पत्र्याचे छप्पर गळते आहे, असे त्याने सांगितले. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातला आम्लपणा त्याला आतून खातो, म्हणून तो पिवळा पडतो आणि बोट लावले तर तुटतो. वर ओल आली की कसर आणि वाळवी. उभ्या ठेवलेल्या जड फायलीची पाठ मोडते. त्या आडव्या, कोरड्या जागी, फळीवर ठेवाव्या लागतात. हे आपल्या कार्यालयातल्या कुणालाही ठाऊक असले पाहिजे. आपला धंदाच कागदाचा आहे.

त्या फायलींत काय आहे हेही सांगतो. १८७७ साली सुरू झालेली आपली जुनी गिरणी आता नाही. तिच्यासारख्या गिरण्यांतल्या पाळ्या, बोनस, संप, टाळेबंदी यांचा रोजचा हिशेब त्या पानांवर आहे. हातमागावरून यंत्रमागाकडे गेलेल्या घरांची, विडी वळणाऱ्या बायकांच्या मजुरीच्या आंदोलनांची नोंद आहे. १९७२ च्या दुष्काळात कुठल्या तालुक्यात खडी फोडण्याचे काम निघाले आणि कुठे निघाले नाही, ते आहे. सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज कोणत्या साली किती वाजता कुठून निघाले, तेसुद्धा आहे. कुणी घर हरवलेला माणूस आजोबांच्या निधनाची बातमी शोधत येतो, कुणी वारसाहक्काच्या खटल्यासाठी जाहीर नोटीस शोधत येतो. अशी माणसे माझ्यासमोर आली आहेत आणि त्यांना पान सापडल्यावर त्यांनी टेबलावर डोके टेकलेले मी पाहिले आहे.

एक दिवस विशेष सांगावासा वाटतो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेले, माणसे दमून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला धरणी हलली आणि सोलापुरातही भांडी वाजली. त्या दिवसाचा अंक तेव्हा छापून, गठ्ठे बांधून एसटी स्टँडवर गेलेला होता. त्यात अर्थातच एक अक्षर नव्हते. उजाडल्यावर लोक आपल्या इमारतीसमोर जमू लागले. दाराशेजारी भिंतीत बसवलेला तो काळा फलक होता ना, रोज दुपारी ज्यावर खडूने ठळक बातम्या लिहीत, त्यावर बातमी येईल म्हणून. जखमींना इथल्या सिव्हिलमध्ये आणायला सुरुवात झाली आणि आपले वार्ताहर तिथून नावे, गावे टिपून आणू लागले. फलकावर ती नावे उतरवली गेली. किल्लारी, सास्तूर, लामजना. फलक भरला की पुसायचा नाही, असे त्या वेळच्या संपादकांनी सांगितले. शेजारच्या भिंतीवर मोठे कागद चिकटवून नावे पुढे लिहीत गेले. माणसे बोट फिरवत वाचत होती. तो फलक आता काढून टाकला आहे. त्याच्या जागी भिंतीत नुसती चौकट दिसते. तो कुठे ठेवला आहे, हे तरी आम्हाला सांगा.

चौथी तक्रार मशिनच्या हॉलची. शहाबादी फरशीत रुतलेले लोखंडी बोल्ट, शाईने काळा झालेला कोपरा, कागदाचे रीळ ढकलून ढकलून झिजलेला उंबरा. विकसकाने तिथे खोदाई कुठून सुरू करायची याच्या खुणा केल्या आहेत. मोजमाप घेतलेले नाही, नकाशा काढलेला नाही, छायाचित्रे घेतलेली नाहीत.

आपले उत्तर काय असेल, याचा विचार मी केला आहे. इमारत वारसा यादीत नाही, हे खरे. त्यामुळे ती पाडायला कायद्याची आडकाठी नाही, हेही खरे. दैनिक चालवणे आज कठीण आहे, न्यूजप्रिंटचे दर, जाहिरातींची ओढाताण, मोबाइलवर फुकट मिळणारी बातमी, हे मी अमान्य करत नाही. जागा विकून जर पत्रकारांचे पगार वेळेवर होणार असतील तर मला त्याचे दुःख नाही. इमारत आहे तशी पुतळ्यासारखी उभी ठेवा, असे माझे म्हणणेच नाही.

पण विकणे आणि पुसून टाकणे यांत पुष्कळ अंतर आहे. पुण्याचा गायकवाड वाडा टिळकांनी १९०५ मध्ये घेतला. आज तो केसरीवाडा आहे, तिथे टिळकांचे टेबल आणि जुने छपाईचे यंत्र लोक जाऊन पाहतात. १८२२ साली सुरू झालेले मुंबई समाचार आजही मुंबईत हॉर्निमन सर्कलजवळ आपल्या लाल इमारतीत आहे. आपण म्हणाल, ती मोठी नावे. मग शिकागोचे पहा. तिथल्या ट्रिब्यून दैनिकाचा १९२५ सालचा मनोरा विकला गेला, २०१८ मध्ये दैनिक बाहेर पडले, आत लोकांची राहती घरे झाली. तरीही मनोरा उभा आहे आणि दर्शनी भाग जपलेला आहे. पैसाही झाला आणि जागाही राहिली. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचे? आप्पासाहेब वारदांच्या इंद्रभुवनात आपली महापालिका बसते. डॉक्टर कोटणीसांचे घर भैय्या चौकात स्मारक म्हणून उभे आहे. जुनी वास्तू नव्या कामाला लावणे सोलापूरला जमते, हे या दोन्ही ठिकाणी कुणीही जाऊन पाहावे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

फायली आजच्या आज त्या गळक्या गोदामातून हलवा. हे काम बाकी कशासाठीही थांबवू नका, पाऊस तुमच्या बैठकीची वाट पाहणार नाही. त्यांची यादी करून जाहीर करा: कोणत्या वर्षाच्या आहेत, कोणत्या नाहीत, किती खराब झाल्या. त्यानंतर त्या हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात, जिथे कोरडी जागा आणि जबाबदार माणूस मिळेल तिथे, लेखी कराराने ठेवा. मालकी आपलीच राहू द्या. वाचण्याची मुभा मात्र कुणालाही असावी, फी न घेता. स्कॅनिंगचा खर्च मोठा आहे, त्यासाठी वाचकांकडे मागा. किल्लारीच्या वेळी याच दैनिकाने मदतनिधी उभा केला होता आणि लोकांनी रांगा लावून पैसे दिले होते.

पाडकाम थांबवून इमारतीचे संपूर्ण मोजमाप, नकाशे आणि छायाचित्रे करून घ्या. शहरातली वास्तुशास्त्राची मुले हे काम आनंदाने करतील. विकसकाला काही आठवडे थांबायला सांगणे आपल्याला अशक्य नाही.

नव्या बांधकामात रस्त्याकडची दगडी कमान आणि दर्शनी भिंत राखा. तेही जमत नसेल तर निदान ती चौकट राखा आणि फलक तिच्यात परत बसवा. त्यावर रोज दुपारी आपल्याच दैनिकाच्या ठळक बातम्या खडूने लिहा. लोक वाचतील, मी खात्रीने सांगतो.

फर्निचरवाल्याकडे गेलेल्या केसींपैकी दोन परत विकत घ्या. त्याच्याकडे अजून असतील, मी चौकशी केली आहे. खिळे मिळतील तेवढे गोळा करू. निवृत्त जुळाऱ्यांपैकी जे हयात आहेत ते खणांची मांडणी अजून तोंडपाठ सांगतात. त्यांना बसवून ती लिहून घ्या. हे काम पुढच्या वर्षी करू म्हणून ठेवण्यासारखे नाही.

आणि तळमजल्यावर एक पाटी लावा. तिच्यावर संस्थापकांचे नाव असणारच, असलेच पाहिजे. त्याखाली जुळारी, मशिनमन, बाइंडर, गठ्ठे बांधणारे, सायकलवरून अंक टाकणारे, मजुरीच्या वहीत ज्यांची नावे आहेत त्या सगळ्यांची नावे असावीत. वह्या फायलींबरोबरच गोदामात गेल्या आहेत, तेव्हा त्याही वाचवाव्या लागतील.

आपण दरवर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा करता. १८३२ साली त्याच दिवशी 'दर्पण'चा पहिला अंक निघाला. बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालताना आपली भाषणे मी ऐकली आहेत आणि ती मनापासून होती असे मला वाटले. येत्या ६ जानेवारीपूर्वी या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत आणि कोणत्या नाहीत, हे आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर लिहा. नकार असेल तर तोही छापा, कारणांसह. वाचकांचा पत्रव्यवहार या सदरात माझे पत्र आले नाही तरी चालेल, उत्तर मात्र पहिल्या पानावर यावे.

फायली हलवायला माणसे लागली तर मी येतो. माझ्या वयाचे आणखी काही जण आहेत, तेही येतील. गोदामाची किल्ली कुणाकडे आहे आणि कधी यायचे, एवढे कळवा.

आपला नम्र,
एका जुळाऱ्याचा मुलगा आणि आपल्या दैनिकाचा जुना वाचक
सोलापूर